नवव्या पाण्याचा चहा

छाओचौ, २१ मे २००५, शनिवार

प्रिय हानशेंग,

दीड वर्ष झालं, माझं तुला पत्र नाही. क्षमा कर. तुझं मागचं पत्र आलं त्याच आठवड्यात उत्तर लिहायला बसले होते. तारीख घातली आणि पुढे हात चालला नाही. शाळेत परीक्षा होत्या असं म्हणता येईल, पण परीक्षा काही दीड वर्ष चालत नाहीत. फोन केला की तू "बरं आहे ना सगळं? ठेवतो" म्हणतोस, म्हणून फोनही कमी केले. हा तुला दोष नाही. घडलं तसं लिहिते आहे.

आधी बाबांचं सांगते. ऑक्टोबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी तुला फोनवर "हलका आहे" म्हणाले होते. तो हलका नव्हता. उजवा हात गेला. वाचा परत आली, पण वाक्य मध्येच तुटतं आणि पुढचा तुकडा कधी दहा मिनिटांनी येतो, कधी येतच नाही. आणि त्यांची वासाची जाण गेली. चाळीस वर्षं ज्या नाकाच्या भरवशावर कंपनीनं चहा विकत घेतला, त्या नाकाला आता करपलेला भात कळत नाही. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, "यंदाचा हिवाळा धरून चालू नका."

मंगळवारी बाबांनी मला कागद घेऊन बसवलं. पुढचे शब्द त्यांचे आहेत, मी फक्त लिहून घेतले:

"हानशेंग, तुझी बायको पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी पत्ती बदलली नाही. नवव्या पाण्याचा चहा तिला दिला. माझी चूक झाली. तिला घेऊन ये. नवी पत्ती घालू."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. त्यात तुझी मास्तरकी नको."

मास्तरकी केली नाही. फक्त मनात एक प्रश्न येतो. सूमिनला तू नंतर कधी समजावून सांगितलंस का, की आपल्याकडे नवा पाहुणा दारात आला की वाटीतली, पुन्हा पुन्हा पाणी ओतून झालेली जुनी पत्ती फेकून ताजी घालतात, आणि फिका चहा पुढे ठेवला तर त्याचा अर्थ "निघा" असा होतो? त्या दिवशी तिला हे ठाऊक नव्हतं. पार उत्तरेतल्या हार्बिनच्या माणसाला कसं ठाऊक असणार! दोन्ही हातांत पेला धरून ती म्हणाली होती, "किती हलका, गोड चहा आहे!" तू तिच्या पेल्यात पाहिलंस, मग बाबांकडे पाहिलंस आणि उठलास. तिला हे कधीच कळलं नसेल तर बरं, असं मला वाटतं. कळलं असेल तर त्याहून बरं, असंही वाटतं.

कोरी माफी पाठवायची नाही, बरोबर चहा पाठवायचा, असा बाबांचा हुकूम आहे. त्या दिवशी घरात होता तोच हवा, वूतोंग डोंगराचा, बदामाच्या वासाचा. म्हणून आज सकाळच्या बसनं फेंगह्वांगच्या बाजारात गेले. चहाची दुसरी भाजणी उतरली आहे. सगळ्या रस्त्याला कोळशाचा आणि फुलांचा वास येतो. पोती रस्त्यावर, पोत्यांवर माणसं, आणि दर चार पावलांवर कुणीतरी बाही धरून स्टुलावर बसवतो.

चहा विकणाऱ्या को मावशीनं मला लांबूनच ओळखलं. "चुआंग साहेबांची लेक! बसा. साहेबांचं नाक आणलंत का बरोबर?"

"नाक घरी आहे," मी म्हटलं. "आज माझ्यावरच भागवा."

तिनं एकामागून एक पाच चहा पाजले. झाकणाची वाटी, उकळतं पाणी, झाकण उचलून नाकाशी, मग पेला. मी घोट घेतला की ती कपाळाला हात लावायची. "अहो मास्तरीणबाई, औषध पिताय का? फुर्रकन ओढा! हवा गेली पाहिजे चहाबरोबर. इथं कुणी गुण देत नाही तुम्हाला." शेजारचा विक्रेता म्हणाला, "त्यांना बदकाची विष्ठा पाजा, तोंड आपोआप उघडेल." त्या जातीला हे नाव आहेच. चोरांनी रोपं नेऊ नयेत म्हणून कुणीतरी ठेवलेलं, आणि वास मात्र जाईजुईच्या वरताण. सगळे हसले. मीही हसले.

बदामी मिळाला नाही. म्हणजे दोन जणांनी "हाच तो" म्हणून दिला होता, पण माझी खात्री पटेना. तो चहा मला नेमका आठवतो की नाही, हेही आता सांगता येत नाही. पुढच्या रविवारी परत जाईन. बाबांचे शब्द मात्र तोवर थांबवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून हे आजच टाकते.

तुझी ताई


२९ मे, रविवार

प्रिय हानशेंग,

बाबा ऐकेनात. "तुला कळायचं नाही. मी येतो." शेजारच्या वांगची गाडी ठरवली, चाकाची खुर्ची मागे टाकली, आणि नऊ वाजता आम्ही बाजारात होतो.

त्यांना पाहून रस्ता उभा राहिला असं लिहिलं तर ते फुगवून लिहिल्यासारखं होईल. पण दहा-बारा माणसं खरंच उभी राहिली. को मावशीची वाटी चालू होती, तिसरंच पाणी झालं असेल, चांगली जिवंत पत्ती. बाबांची खुर्ची टेकली तशी तिनं ती सगळी बादलीत उपडी केली आणि नवा पुडा फोडला. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टकटक करून आभार मानले. मी दुसरीकडे पाहत राहिले.

त्साय काका आठवतात? दुसऱ्या कंपनीचे खरेदीदार. बाबांच्या आधी पोचायचं म्हणून पहाटे तीनला डोंगर चढायचे आणि तरी दुसरे यायचे. ते काठी टेकत आले. "काय रे, अजून जिवंत?"

"तुझ्या आधी... जायचं नाही, ठरवलंय," बाबा म्हणाले.

"आयुष्यभर आधी पोचलास. एवढ्या एका ठिकाणी तरी मला पहिला नंबर दे."

मग बाबांनी को मावशीचं झाकण हातात घेतलं. ते नाकाशी नेलं, डोळे मिटले, पूर्वी करायचे तसंच. त्यांना कसलाच वास येत नव्हता, हे फक्त मला माहीत होतं. मग घोट, फुर्रकन, अगदी रीतसर. अर्धा हनुवटीवरून ओघळला. डोळे उघडून ते म्हणाले, "बदाम. वूतोंगचा. जुनं झाड."

हानशेंग, ती बदकाची विष्ठा होती. मला कळली म्हणजे विचार कर. को मावशीनं तोंड उघडलं. त्साय काकांनी तिच्या पायावर काठी टेकवली, पेला उचलला, एक घोट ओढला आणि म्हणाले, "बरोबर. बदामच. हरामखोर, अजून नाक शाबूत आहे तुझं."

अर्धा शेर घेतला. को मावशीनं पुड्यावर बदामी म्हणून लिहिलं. अक्षर काढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

त्साय काकांनी विचारलं, "एवढा कशाला? तुला तर दोन घोट जात नाहीत."

"पोरासाठी. माफी... मागायचीय. त्याच्या बायकोला मी नवव्या पाण्याचा... पाजला."

काका हसायला लागले, मग थांबले. "तू? चल! अरे, वसुलीला आलेल्या माणसाला तू नवी पत्ती घालायचास. तुझ्या हातून हे व्हायचं नाही."

"झालं," बाबा म्हणाले.

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "ऊन चढतंय. म्हाताऱ्याला घरी ने."

आता बाबा म्हणतात, चहा पाठवायचा नाही, तू येशील तेव्हाच फोडायचा. पुडा त्यांच्या उशाशी आहे.

ताई


५ जून, रविवार

प्रिय हानशेंग,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बाबांना चार वेळा वाचून दाखवलं. वीस तारखेला तुम्ही दोघं पोचणार, हे त्यांनी कॅलेंडरवर डाव्या हातानं खूण करून ठेवलं आहे. खूण एकवीसवर पडली आहे, पण त्यांना माहीत आहे.

तू लिहिलंस, "सहा वर्षं मी या एकाच वाक्याची वाट पाहत होतो. चूक झाली एवढंच त्यांनी म्हणावं. ते म्हणाले. आता माझ्याकडून काही बाकी नाही." आणि शेवटी लिहिलंस, "ताई, त्या दिवशी तू एकटीच संत्री घेऊन आमच्या मागे बस-थांब्यापर्यंत धावत आली होतीस. सूमिन अजून काढते ती आठवण. घरात माझं कुणी आहे, हे मला त्या संत्र्यांमुळे वाटत राहिलं."

पुढच्या खोलीत तुमची व्यवस्था करते आहे. पंखा दुरुस्त करून आणला. सूमिनला भात चालतो की तिच्यासाठी वाफेचे पाव आणून ठेवू? मला फार आनंद झाला आहे. हे वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. ते खरं आहे.

ताई


९ जून, गुरुवार

हानशेंग,

या पत्राचा मायना दोनदा खोडला. मागच्या तीन पत्रांत मी खोटं काही लिहिलं नाही. फक्त एक गोष्ट लिहिली नाही, आणि ती लिहिली नाही म्हणून ती तिन्ही खोटी आहेत.

त्या दिवशी चहा मी करत होते.

तुला ते आठवत असणार. पण तुझ्या लेखी मी फक्त हात होते. आपल्या घरात चहाचं ताट बाबांचं. मी ओतायची ती त्यांच्या नावानं, आणि पत्ती बदलायची ती त्यांच्या मानेच्या खुणेनं. त्यांनी मान हलवली नाही, म्हणून ताईनं बदलली नाही, असं तू धरलंस. कुणीही तसंच धरलं असतं.

आता झालं ते सांगते. नववर्षाचा चौथा दिवस होता. शेजारचे नुकतेच उठून गेले होते. वाटीत आठ पाणी झालेली पत्ती होती. तुम्ही दोघं आत आलात. बाबांनी मान हलवली, हानशेंग. मी ती पाहिली. पत्तीचा डबा माझ्या गुडघ्याशी होता, झाकणावर माझा हात होता. मी सूमिनकडे पाहिलं. तिचा जाड कोट, तिचं मोठ्यानं हसणं, तुझ्या बाहीवरचा तिचा हात. माझ्या मनात आलं, हा आता तिकडचाच होणार. आई गेली, आता हाही जाणार, आणि या घरात बाबांबरोबर म्हातारी होणारी मी एकटी उरणार. मी झाकणावरचा हात काढला, किटली उचलली आणि जुन्याच पत्तीवर पाणी ओतलं. पहिला पेला पाहुणीला दिला.

विसरले असं म्हणता येईल का, हे मी सहा वर्षं तपासून पाहिलं आहे. एखाद्या दिवशी वाटतं, सणाची धावपळ होती, लक्ष नव्हतं. पण विसरलेल्या माणसाला झाकणाचा गार पत्रा बोटांना लागलेला आठवत नाही.

बाबा माझ्याकडे पाहत होते. तू त्यांच्याकडे पाहत होतास. तू म्हणालास, "कळलं, बाबा." त्या क्षणी ते एवढंच म्हणू शकले असते, "अरे, हिनं चुकून ओतलं." ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर सूमिनच्या देखत माझी अब्रू गेली असती. तुम्ही निघालात, आणि मी संत्री घेऊन धावले. ते प्रेम नव्हतं असं नाही. पण मी धावले ती तुला अडवायला नाही. तुला माझा संशय आला नाही ना, ते पाहायला धावले. तू माझ्या हातातली संत्री घेतलीस आणि म्हणालास, "तुझा काय दोष, ताई." मी परत आले आणि रात्री डायरीत लिहिलं, "बाबांनी पत्ती बदलली नाही. हानशेंग गेला." काल ती वही काढून पाहिली. ज्या वहीत मी आजवर भाजीचा भावसुद्धा चुकीचा लिहिला नाही, तिच्यात ते वाक्य सुवाच्य अक्षरात आहे.

बाबा आणि मी यावर कधी बोललो नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. झटका आल्यानंतर ते "माझी चूक" म्हणू लागले तेव्हा आधी मला वाटलं, मला वाचवण्यासाठी म्हणताहेत. मग बाजारात त्यांनी त्साय काकांसमोर मान खाली घातलेली पाहिली. ती नाटकातली मान नव्हती. काकांनी त्यांची चहा ओळखण्यातली चूक झाकली ती मायेनं. मी त्यांना स्वतःचीच नसलेली चूक नेसवली आणि वर ती त्यांच्या तोंडून लिहून घेतली, टपालात टाकली.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी स्वतःला समजावलं. हानशेंग येतो आहे. बाबांना मुलगा मिळतो आहे. मी बोलले तर कुणाचं भलं होणार आहे? हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त त्यात सगळ्यात जास्त फायदा माझाच होता, म्हणून मला त्याचा भरवसा वाटेना.

मंगळवारी त्यांना भरवून झाल्यावर मी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, त्या दिवशी चहा मी करत होते."

"तूच करायचीस. रोज."

"तुम्ही मानेनं खूण केली होतीत. पत्ती मी बदलली नाही."

ते छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही. तू संत्री आणायला... गेली होतीस."

"संत्री नंतर, बाबा. ते उठून गेल्यावर."

"तू संत्री आणायला गेलीस. वाटी माझ्यापुढे होती. मला ती बाई आवडली नाही. मोठ्यानं हसत होती."

हानशेंग, हे माझे शब्द आहेत. तुम्ही गेल्यावर भांडी आवरताना मी ते त्यांच्याजवळ बोलले होते. त्यांनी माझी चूकच नाही, माझं कारणसुद्धा घेतलं आहे.

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. शेवटी ते चिडले, डावा हात चादरीवर आपटू लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "माझ्या चुकीच्या जोरावर पोरगा... येतोय. ती माझ्याकडून काढून घेऊ नकोस, पेइलिंग."

त्यांना खरंच आठवत नाही की अजूनही ते मला पाठीशी घालताहेत, मला ठरवता येत नाही. कालचा पूर्ण दिवस मी त्यांचा चेहरा पाहत होते. दोन्ही शक्यता धरून पाहिल्या, तो सारखाच दिसला. एवढं कळलं की मी त्यांना त्यांचं निर्दोषपण परत देऊ शकत नाही. मी फार उशीर केला. ते घेणारा माणूस आता तिथे नाही, किंवा आहे आणि घ्यायला तयार नाही. ते ठेवायला आता तुझ्याशिवाय जागा उरलेली नाही.

म्हणून एकच मागते. वीस तारखेला ये. माझ्यावरच्या रागानं येणं टाळू नकोस. मी त्या दिवसांत शाळेतल्या सहकारी बाईंकडे राहायला जाऊ शकते, त्यांना विचारून ठेवलं आहे. बाबा तुझ्यापुढे माफी मागतील. सगळं वाक्य एका दमात निघणार नाही, तू शेवटचा शब्द येईपर्यंत थांब. मग "माफ केलं, बाबा" असं स्पष्ट म्हण. त्यांना ते ऐकायचं आहे. ते ऐकल्याशिवाय त्यांना जाता येणार नाही असं मला वाटतं. पण म्हणताना तुझ्या मनात हे असू दे की ज्या माणसाला तू माफ करतो आहेस, त्यानं तुझ्या बायकोसाठी मान हलवली होती. घरातल्या आम्हा दोघांत त्या दिवशी तिचं स्वागत करणारे तेच एक होते. सहा वर्षं तू त्यांच्यावर रागावलास, आणि त्यांनी तो राग माझ्या वाटणीचा म्हणून सोसला.

हे पत्र सूमिनलाही वाचून दाखव. तो पेला मी तिच्या हातात दिला होता. तिनं तो गोड मानून घेतला होता.

मला काय म्हणायचं ते तुम्ही दोघं ठरवा. घाई नाही. बाबांना माफ करण्याआधी मात्र नको.

पेइलिंग

डायरीतली नोंद, ९ जून. उद्या: शाळेच्या पहिल्या तासाच्या आधी टपालघरात जाऊन हे जलद टपालानं टाकणे.